अळवावरचं पाणी आणि आपले रेनकोट

'अळवावरचे पाणी' हा वाक्प्रचार मी शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिकवला. अर्थ : क्षणभंगुर. वाक्यात उपयोग करा. मुलं ठरलेलं वाक्य लिहायची, 'मानवी जीवन अळवावरच्या पाण्यासारखे आहे', मी बरोबरची खूण करायची आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळायचं. तो बहुधा 'पालथ्या घड्यावर पाणी' असायचा. (दोन्हींत फरक आहे बरं का. घडा निदान ओला तरी होतो. अळू ओलंसुद्धा होत नाही!) पाणी अळवावर का थांबत नाही, हा प्रश्न मराठीच्या तासाचा नव्हता, आणि शेजारच्या वर्गात चाललेल्या विज्ञानाच्या तासालाही तो कुणी घेत नसे.

तो प्रश्न आता या वयात घरी चालून आला. माझा भाचा इचलकरंजीला कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये आहे. गणपतीला आला होता तेव्हा म्हणाला, "आत्या, बाहेरच्या गिऱ्हाइकांना पाणी न धरणारं कापड हवंय, पण आजवर आम्ही वापरत होतो ते केमिकल नकोय. आता सगळेजण अळवाच्या पानाची नक्कल करायला निघालेत." मग त्याच्या तोंडून नॅनो, मेण, भाताचं तूस असं बरंच काही ऐकलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, रसायनशास्त्राशी माझा संबंध हळद-चुन्यापुरता. पण गोष्ट मुळापासून कशी घडत आली हे शोधायची खोड जुनी आहे. गेले दोन-तीन महिने वाचत होते. आपल्या मंडळींना सांगावंसं वाटलं, कारण यात आपल्या पाण्याचाही प्रश्न आहे.

आधी आपल्या घरचं सांगते. माझं लहानपण भुदरगड तालुक्यात गेलं. तिकडे चार महिने आभाळ गळत असतं. रेनकोट म्हणजे कचेरीतल्या साहेबाची वस्तू. लावणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीवर इरली असत : बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात दाटीवाटीनं बसवलेली झाडाची रुंद वाळकी पानं. दोन्ही हात मोकळे, पाठ कोरडी. पुरुषमाणसं घोंगडीची खोळ घेत. धनगरांच्या मेंढ्यांची काळी लोकर, सणगरांचा माग, आणि वर चिंचोक्याची खळ. ती घोंगडी अंगाला टोचायची आणि भिजल्यावर तिला जो वास यायचा तो ज्यांनी घेतलाय त्यांना वेगळा सांगायला नको. पण आजोबा खोळ घेऊन बांधावर उभे राहिले की बराच वेळ पाण्याचे थेंब नुसते वरच्या केसांवर चमकत राहायचे, आत जायचे नाहीत.

असं का व्हायचं, ते आता वाचून कळलं आणि मी थक्क झाले. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात, आणि त्या खवल्यांच्या बाहेरच्या अंगाला मेदाम्लाचा एक थर रासायनिक बंधानं जोडलेला असतो. त्याची जाडी साधारण एक नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला एक केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या घरात जाडीचा असतो, यावरून अंदाज करा. हा इतका पातळ थर पाण्याच्या थेंबाला बाहेर ठेवतो. पण वाफ मात्र तंतूच्या पोटात शिरू शकते. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून खोळीत माणूस घामानं उकडून निघत नाही. हे सारं धनगराला आणि सणगराला या शब्दांत ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. वस्तू उपयोगी पडते एवढं पुरेसं होतं.

युरोपात वेगळी तऱ्हा. तिथले खलाशी कापडाला जवसाचं तेल चोपडून वाळवत आणि तसले कडक, पिवळट डगले घालत. आपलं मेणकापड त्याच कुळातलं. मग १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं रबराचं पेटंट घेतलं. गॅसच्या कारखान्यात डांबरातून निघणारा नॅफ्था वाया जात होता. त्यात रबर विरघळतं हे त्याच्या लक्षात आलं. दोन कापडांच्या मध्ये ते पातळ रबर लावून चिकटवलं की पाणी अजिबात आत येत नाही. इंग्रजीत रेनकोटला पुढे त्याचंच नाव पडलं. पण तो कोट उन्हाळ्यात चिकट व्हायचा, थंडीत काठीसारखा ताठ व्हायचा, आणि वास तर असा की लोक लांब बसत. १८४०च्या दशकात रबरात गंधक घालून भाजायची युक्ती आली तेव्हा चिकटपणा गेला. तरी मुख्य दोष राहिलाच : बाहेरचं पाणी आत नाही, तशी आतली वाफही बाहेर नाही. स्वस्त प्लॅस्टिकचा रेनकोट घालून सायकल चालवणाऱ्या कुणालाही हा दोष ठाऊक आहे. आतून माणूस भिजतोच.

इंग्लंडमधल्या थॉमस बर्बेरीनं १८७९मध्ये उलट बाजूनं विचार केला. विणल्यानंतर वर काही थापण्यापेक्षा सूतच आधी जलरोधक करायचं आणि मग घट्ट विणायचं. त्याचं ते गॅबर्डीन. मेंढपाळांचे लोकरीच्या चरबीनं माखलेले डगले पाहून त्याला हे सुचलं असं सांगतात. खरं असेल तर आमच्या खोळीच्या चुलतभावानंच हे शिकवलं म्हणायचं. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटनं तर साध्या कापसाकडूनच काम करून घेतलं. लांब धाग्याचा कापूस इतका घट्ट विणला की ओला झाला की धागा फुगतो आणि छिद्रं बुजतात. व्हेंटाइल हे त्याचं नाव. बर्फाळ समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी ते बनवलं होतं, आणि त्यानं माणसं वाचवली.

आता मी ज्या टप्प्यावर सगळ्यात जास्त रेंगाळले तो सांगते. पाणी कशावर पसरतं आणि कशावर गोळा होऊन राहतं, याचं शास्त्र मला वाटलं होतं की मोठमोठ्या विद्यापीठांत जन्मलं असेल. त्याची सुरुवात तशी १८०५मध्ये थॉमस यंगनं केलीच होती. थेंब आणि पृष्ठभाग यांच्यामधला कोन मोजायचा, ही कल्पना त्याची. थेंब पसरला तर कोन लहान, गोटीसारखा उभा राहिला तर कोन मोठा. पण पुढची दोन महत्त्वाची पावलं कापडाच्या माणसांनी टाकली. १९३६मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या मेलन इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट वेन्झेल कापडाला पाणी कसं लागू नये यावर काम करत होता. त्यानं दाखवलं की पृष्ठभाग खडबडीत असेल तर त्याचा मूळ स्वभाव जास्त ठळक होतो; जो पाणी झिडकारतो तो आणखी झिडकारतो. आणि १९४४मध्ये इंग्लंडच्या लीड्स शहरात लोकर-उद्योगाच्या संशोधन संस्थेतल्या कॅसी आणि बॅक्स्टर या दोघांनी पुढचं सांगितलं. खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभागाच्या खळग्यांत हवा अडकून बसते. थेंब प्रत्यक्षात थोडासाच घन पदार्थावर आणि बराचसा हवेवर बसलेला असतो. बदकाची पिसं कोरडी का राहतात, याचं उत्तर त्यांना लोकरीच्या कापडावर काम करताना मिळालं.

याचा अर्थ असा की मेण किंवा तत्सम पदार्थ कितीही चांगला असला तरी तो गुळगुळीत फासला तर थेंबाचा कोन साधारण १२० अंशांपर्यंतच जातो. त्यापुढे नुसतं रसायन नेऊ शकत नाही. अळवाच्या पानावर तो कोन १५० अंशांच्याही वर जातो. मधला फरक खडबडीतपणाचा आणि हवेचा.

म्हणजे १९४४मध्येच रस्ता सापडला होता. पण जगानं तो धरला नाही, कारण त्याच सुमाराला दुसरा, सोपा रस्ता उघडला होता. ६ एप्रिल १९३८ रोजी ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यानं वायूच्या एका नळकांड्याची तोटी उघडली. वायू येईना, पण नळकांडं तर जड होतं. करवतीनं कापलं तर आत पांढरी पूड. हेच टेफ्लॉन. फ्लोरिन आणि कार्बन यांची जोडी, जिला पाणीही चिकटत नाही आणि तेलही नाही. पुढे १९५३मध्ये थ्रीएम कंपनीत अशाच जातीच्या एका द्रवाचे थेंब कुणाच्या तरी कॅनव्हासच्या बुटावर सांडले. ते काही केल्या निघेनात, आणि तेवढ्या जागेवर मळही बसेना. पॅट्सी शर्मन आणि सॅम्युअल स्मिथ यांनी त्यातून स्कॉचगार्ड बनवलं. १९५६पासून ते विकायला आलं. १९६९मध्ये रॉबर्ट गोर यानं टेफ्लॉन झटक्यात ताणून त्याचा सच्छिद्र पापुद्रा केला, ज्यातून वाफ जाते पण थेंब जात नाही. मॅकिंटॉशचा दीडशे वर्षांचा दोष फिटला! रेनकोट, छत्र्या, तंबू, सोफे, गालिचे, गणवेश, सगळीकडे फ्लोरिन गेलं. खडबडीतपणाची गरजच कुणाला वाटेना.

कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध फार चिवट. म्हणून कापड टिकतं, आणि त्याच कारणानं ते रसायन निसर्गात कुजत नाही. पाण्यात गेलं की पाण्यात, मातीत गेलं की मातीत, अंगात गेलं की रक्तात वर्षानुवर्षं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या एका शेतकऱ्याच्या गाई मरू लागल्या आणि १९९९मध्ये रॉबर्ट बिलॉट या वकिलानं ड्यूपाँटवर खटला भरला, तेव्हा हे चव्हाट्यावर आलं. मे २०००मध्ये थ्रीएमनं स्कॉचगार्डमधलं मूळ रसायन बंद करत असल्याचं जाहीर केलं. स्टॉकहोम कराराच्या यादीत त्यातलं एक रसायन २००९मध्ये आणि त्याचं भावंड २०१९मध्ये गेलं. त्या भावंडाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२३मध्ये कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातलं.

२०२२मध्ये स्टॉकहोम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जगभरच्या पावसाच्या पाण्याच्या नोंदी एकत्र केल्या. तिबेटच्या पठारावर आणि अंटार्क्टिकावर पडणाऱ्या पावसातही ही रसायनं होती, आणि अमेरिकेनं पिण्याच्या पाण्यासाठी त्या वर्षी सुचवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होती. त्यात कापडाखेरीज तव्यांचा, आग विझवायच्या फेसाचा, इतर कारखान्यांचाही वाटा आहे, सगळा दोष रेनकोटाला देऊन चालणार नाही. तरी हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. पाऊस अंगाला लागू नये म्हणून वापरलेली वस्तू पावसातच जाऊन बसली.

आता अळवाकडे येऊ. जर्मनीत विल्हेल्म बार्थलॉट नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ १९७०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हजारो पानं तपासत होते. तपासण्याआधी पान धुवावं लागे. त्यांच्या लक्षात आलं की दिसायला गुळगुळीत असणारी पानं धुवावी लागतात आणि ज्यांचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकात खडबडीत दिसतो ती मात्र नेहमी स्वच्छच असतात. आपल्या समजुतीच्या अगदी उलट! सर्वांत स्वच्छ होतं कमळाचं पान. त्यावर काही हजारांश मिलिमीटरचे उंचवटे, आणि प्रत्येक उंचवट्यावर शंभर नॅनोमीटरच्या आसपास जाडीच्या मेणाच्या नळ्या. टेकाडांवर गवत असावं तसं. थेंब त्या शेंड्यांवर तरंगतो आणि घरंगळताना धूळ उचलून नेतो. १९९७मध्ये बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी यावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात कमळाच्या जोडीला ज्या पानांवर प्रयोग केले होते त्यांत कोबी होता आणि आपलं अळूही होतं. जर्मनांच्या निबंधात अळू भेटल्यावर मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. गीतेच्या पाचव्या अध्यायात कमळाच्या पानाची उपमा आहे, पाप न चिकटणाऱ्या माणसासाठी. मराठी वाक्प्रचारानं पानापेक्षा थेंबाचं नशीब पाहिलं. स्वयंपाकघरातही हे ठाऊक होतंच. अळुवडीचं पीठ आपण पानाच्या मागच्या बाजूला लावतो, पुढच्या बाजूला ते नीट धरत नाही.

त्यानंतर आलं 'नॅनो'चं पर्व. २००५मध्ये गाणी ऐकायचं नॅनो, २००८मध्ये टाटांची नॅनो, आणि दुकानात कॉफी न लागणाऱ्या नॅनो विजारी. त्या काळच्या अशा बऱ्याच कपड्यांत नाव नवं आणि आत तेच फ्लोरिन होतं. काहींत चांदीचे सूक्ष्म कण असत, घामाचा वास येऊ नये म्हणून. २००८मध्ये अॅरिझोनातल्या दोन संशोधकांनी असे मोजे नुसत्या पाण्यात हलवून पाहिले, तर काहींतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत पाण्यात उतरली. म्हणजे वास पुन्हा पायात आणि चांदी गटारात.

हल्ली जे चाललं आहे ते मला जास्त पटतं, कारण त्यात १९४४चा सोडून दिलेला रस्ता पुन्हा धरलेला दिसतो. मेण घ्यायचं निसर्गातलं : मधमाश्यांचं, किंवा ब्राझीलमधल्या कार्नोबा ताडाच्या पानावरचं. ते पाण्यात अगदी बारीक थेंबांच्या रूपात मिसळायचं. खडबडीतपणासाठी सिलिकाचे नॅनोकण. हे कण भाताच्या तुसापासूनही काढता येतात, कारण तुसाच्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिकाच असते. (आमच्याकडे त्या राखेनं भांडी घासत.) मुंबईत माटुंग्याला कापसावर संशोधन करणारी १९२४ सालची सरकारी संस्था आहे, सिरकॉट. तिथे २०१५मध्ये नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना सुरू झाला. कापसातलाच पदार्थ नॅनोमीटरच्या मापाचा करून वापरायचा. भाच्यानं कारखान्यातली रीत समजावली : कापड त्या मिश्रणात बुडवून दोन रुळांतून पिळायचं, वाळवायचं, आणि मग स्टेंटरवर दीडशे अंशांच्या पुढे तापवायचं, म्हणजे थर पक्का बसतो. ऐकताना मला सणगराची खळच आठवली.

पण भाच्याला मी विचारलं, "मग अडतंय कुठे?" तो म्हणाला, "दोन ठिकाणी. तेल आणि धुणं."

मेण पाणी अडवतं, तेल अडवू शकत नाही. ते फक्त फ्लोरिनला जमतं. लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७मध्ये बाहेर हिंडायच्या जॅकेटांचं कापड तपासलं (पुन्हा लीड्स!). फ्लोरिन नसलेले थर पाणी तितकंच चांगलं अडवतात, तेलाला मात्र हरतात, असं त्यांना आढळलं. आता शाळेत जाणाऱ्या पोराच्या रेनकोटावर तेल कोण ओतणार आहे? अग्निशामक दलाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या कपड्यांची गोष्ट वेगळी, तिथे जीव पणाला लागलेला असतो. पण डोंगरावर फिरायच्या जॅकेटाला आणि घरच्या सोफ्याला साठ वर्षं हे लावलं गेलं, त्याची गरज कुणी तपासली होती असं दिसत नाही.

धुण्याची अडचण जास्त खरी आहे. अळवाच्या पानावरून बोट जोरात फिरवून पाहा. मेण पुसलं जातं आणि तिथे पाणी चिकटू लागतं. पण पान जिवंत असतं, ते आतून पुन्हा मेण स्रवतं. शिवाय त्याला एकाच पावसाळ्यापुरतं टिकायचं असतं. कापड मेलेलं असतं. ते मशीनमध्ये घुसळलं जातं, दप्तराच्या पट्ट्यांखाली घासलं जातं, आणि नॅनोमीटरचे शेंडे मोडतात. कापडानं स्वतःची डागडुजी न करता दहा वर्षं टिकावं ही आपली अपेक्षाच आपल्याला फ्लोरिनकडे घेऊन गेली होती. आजोबांची घोंगडी टिकली, कारण ती वर्षातून एखाद्या वेळी नदीवर धुतली जायची.

'नैसर्गिक' शब्द पाहून मात्र मी भुलणार नाही. सिलिकाचे कण पाणी झिडकारणारे करायला अनेकदा वेगळं रसायन लावावंच लागतं, आणि हे कण धुण्याबरोबर कुठे जातात ते मोज्यांतल्या चांदीसारखंच मोजून पाहायला हवं. कच्चं अळू खाल्लं तर घसा खवखवतो, तेही नैसर्गिकच.

आता कायदे आले आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून ही रसायनं मुद्दाम घातलेलं नवीन कापड विकायला बंदी आहे, काही मोजके अपवाद सोडून. फ्रान्सनं २०२५मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२६पासून कपड्यांना ती लागू केली. इचलकरंजीला आलेली पत्रं त्यामुळेच. भाच्यानं नव्या पद्धतीच्या कापडाचा एक तुकडा आणि त्याच्या कोटाला लावायची पट्टी मला दाखवायला आणली होती. पट्टीवर लिहिलं होतं : वारंवार धुऊ नये, धुतल्यावर हलकी गरम इस्त्री फिरवावी, म्हणजे थर पुन्हा जागेवर येतो, पाणी चिकटू लागल्यास मेण पुन्हा लावून घ्यावं. भाच्याला काळजी आहे की इतकं करायला गिऱ्हाइकाला वेळ कुठून मिळणार. तुकडा मी ठेवून घेतला आहे. आतापर्यंत सहा वेळा धुतला, थेंब अजून गोल राहतोय, फक्त घडीच्या रेषेवर मात्र पसरायला लागलाय.